अष्टमीचं ताट

पितरपाटाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या, पंधरा दिवसांत आमच्या गावात मला जो मान असतो, तो उरलेल्या साडेअकरा महिन्यांत माझ्या घरची माणसंही देत नाहीत. धाड गावापासून आत, फाट्यावरून जीपनं यावं लागतं असं आमचं गाव. पोस्टातून निवृत्त झालेला, अंगानं भरलेला, दात शाबूत असलेला आणि कुणाच्याही घरी आनंदानं जेवणारा म्हातारा गावात मी एकटाच. त्यामुळे ज्यांचे वडील गेलेले, त्यांच्या तिथीला पाटावर बसायला मला सांगणं येतं. पाटावर बसलेला माणूस तेवढ्यापुरता त्या घरचा गेलेला बाप असतो. मुलगा त्याचे पाय धुतो, गंध लावतो, सून वडे-कढी-खीर वाढते, आणि शेवटी घरची बाई हात जोडून विचारते, "पोट भरलं का?" पित्तरानं म्हणायचं, "भरलं, तृप्त झालो." मग घर जेवतं. गेल्या वर्षी मी एका दिवसात चार घरी तृप्त झालो होतो. चौथ्या घरी तर कढी वाढायच्या आधीच झालो.

यंदा पितरपाट नेमका सोयाबीनच्या सोंगणीत आला. भादव्यात पावसानं नुसता छळ मांडला होता. शेंगा वाळल्या की पाऊस, पुन्हा वाळल्या की पुन्हा पाऊस. काही वावरांत उभ्या झाडावर शेंगांतून कोंब डोकवायला लागले. पंचमीला ऊन पडलं आणि सगळा गाव विळे घेऊन पळत सुटला. मजूर बाया मिळेनात. ज्याच्या घरात जेवढे हात, तेवढंच सोयाबीन घरी येणार, असा हिशेब होता.

त्याच संध्याकाळी महादेवरावांचा गोकुळ माझ्याकडे आला. पायाला चिखल, हाताला सोयाबीनच्या काट्यांचे ओरखडे.

"भगवंतकाका, अष्टमीले आबाचं पान हाये. पयलंच हाये. तुमी बसा पाटावर."

महादेवराव गेल्या वर्षीच्या श्रावणात गेले. वर्ष उलटलं होतं. माळकरी माणूस, भजनात पेटी वाजवायचे. त्यांच्या पहिल्या पानाला, म्हणजे श्राद्धाच्या ताटाला, मलाच बोलवणार हे मी गृहीतच धरलं होतं. सून निशिगंधा हाताची सुगरण आहे हेही ठाऊक होतं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना सोजराबाई स्वतः आल्या. महादेवरावांची बायको. वावरातून थेट आलेल्या, डोक्याचं फडकंही सोडलेलं नव्हतं. ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, राग मानू नका. तुमाले सांगतलेलं मोडून राह्यली मी."

"काऊन? दुसरं कोनी पाह्यलं का?"

"शेषरावभाऊले इचारतो मी."

मला हसूच आलं. शेषराव म्हणजे गावातला एकमेव माणूस जो मारुतीसमोरून जाताना मानही लववत नाही. महादेवरावांच्या बांधाला लागून त्यांचं वावर, धुऱ्याला धुरा. चाळीस वर्षं दोघं एकमेकांच्या वावरात कामाला जायचे, आणि रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर देव आहे की नाही यावर भांडायचे. देव काही खाली आला नाही आणि यांचं भांडणही मिटलं नाही. पितरपाटात तर शेषरावांच्या तोंडाला धार चढायची. "जित्या बापाले पानी इचारत नाई, अन मेल्यावर पाय धुतात," हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, हेही सांगून टाकतो.

"तो बसनार नाई वयनी," मी म्हणालो. "अन बसला तरी तृप्त म्हननार नाई. त्याले खोटं बोलता येत नाई."

"म्हनूनच त्यायले इचारतो," सोजराबाई म्हणाल्या.

आणि मग ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी वर्षभर पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं. महादेवरावांना साखरेचा आजार होता. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, भरत नव्हती. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी निशिगंधानं उपास सोडायला खीर केली. महादेवरावांनी सगळ्यांची नजर चुकवून एक वाटी भरून घेतली. तोंडाला लावणार, तेवढ्यात सोजराबाईंनी ती हातातून ओढून घेतली. थोडी खीर त्यांच्या धोतरावर सांडली.

"त्यायनं हात धुतले. मंग म्हने, पोट नाई भरलं माहं. अन झोपाले गेले." सोजराबाई हाताच्या बोटावरचा एक काटा काढत होत्या. "सकायी उठलेच नाई."

मी म्हटलं, "तुमी भल्यासाठीच केलं."

"सगळेच म्हनतात. तुमी बी पाटावर बसून तृप्त झालो म्हनसान. पन तुमी तर सगळ्याच घरी म्हनता, भाऊजी."

हे त्यांनी टोचायला म्हटलं नाही. म्हणूनच जास्त टोचलं. बत्तीस वर्षं पोस्टात इमानानं नोकरी केलेला माणूस मी, आणि या बाईच्या लेखी माझ्या शब्दाला टपाली शिक्क्याएवढीही किंमत नव्हती. राग आला.

"तुमी संगं चला," त्या म्हणाल्या. "एकटी गेली तर ते आयकनार नाईत."

म्हणजे आता ज्याचं जेवण काढून घेतलं, त्यानंच ते दुसऱ्याला नेऊन द्यायचं. मी चप्पल घातली.

इथं शेषरावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गावाबाहेरच्या माणसाला वाटेल की नुसता तिरसट म्हातारा असेल. तिरसट होतेच. लग्नात जेवण कसं झालं म्हणून विचारलं, तर वरण खारट असेल तर खारट म्हणायचे, मग वधूपिता समोर हात जोडून उभा का असेना. स्वतःच्या मुलाला मुलगी दाखवायला नेलं, तेव्हा मुलीच्या बापाला यांनीच सांगितलं, "पोरगं मनानं चांगलं हाये, पन सकायी उठत नाई." तरी ती मुलगी आली, आणि ती म्हणते की सासऱ्याच्या त्या एका वाक्यामुळेच आले. वावरात कामाला येणाऱ्या बायकांना गावातले पंचवीस वर्षांचे पोरगेही अरे-तुरे करतात. शेषराव मात्र म्हातारीला असो की पोरीला, "तुमी पानी पेले का?" असं विचारतात. देवाला हात न जोडणारा हा माणूस भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतो. मला त्यांचा राग यायचा तो बहुतेक यामुळेच.

शेषराव अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. सोजराबाईंना पाहून उठले, बाज पुढे केली. सोजराबाई बसल्या नाहीत. त्यांनी खिरीची वाटी, धोतरावरचा डाग, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी बाजूला उभा राहून घराच्या पत्र्याकडे बघत होतो.

शेषरावांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"वयनी, महादेव माहा दोस्त होता. पन मेलेला मानूस जेवत नाई, हे मी त्याले तोंडावर चाळीस वर्सं सांगतलं. आता तो आयकाले नाई म्हनून बोलनं बदलू का?"

"बदलू नका. मी तेच मागाले आली. बाकीचे म्हनतीन अन मले झोप येनार नाई. तुमी म्हनलं तर येईन."

"अन मी नाई भरलं म्हनलो तर?"

"तर नाई भरलं समजीन. पन खरं काय ते तर कयीन मले."

शेषरावांनी विळा खाली ठेवला. मान हलवून म्हणाले, "मले नाई जमनार वयनी. माफ करा."

सोजराबाईंनी विनवणी केली नाही. पदर सारखा केला. "मी ताट वाढून ठेवीन," म्हणाल्या, आणि निघाल्या.

ही बातमी गोकुळला कळली तेव्हा तो आईवर चिडला. ती ऐकत नाही म्हटल्यावर रात्री गुपचूप माझ्याकडे आला. "काका, तुमी अष्टमीले जवळपासच राहा. शेषरावकाका काही येत नाई. दुपारी आईचं मन वयलं की तुमालेच बसवतो." असा मी राखीव पित्तर झालो. आयुष्यात ही एकच पायरी उतरायची राहिली होती.

अष्टमीला सकाळी मी माझ्या पोरासोबत वावरात गेलो. आमचं वावर महादेवरावांच्या वावराला लागून आहे, त्यामुळे जवळपास राहणं सोपं होतं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलो. त्यांचं अर्धं एकर अजून उभं होतं, आणि कापून पसरवलेलं तेवढंच गोळा करायचं होतं. निशिगंधा घरी स्वयंपाकाला लागलेली. वावरात सोजराबाई आणि गोकुळ, दोनच माणसं. मावळतीकडे क्षितिजाला एक काळपट पट्टा होता, पण लांब होता.

तेवढ्यात शेषराव आले. डोक्याला टॉवेल, हातात विळा. रामराम नाही, काही नाही. सोजराबाईंच्या शेजारची ओळ धरली आणि वाकले.

गोकुळनं विळा थांबवला. "काका, तुमची सोंगनी झाली का?"

"नाई."

"मंग?"

"पयले हे होऊ दे."

सोयाबीन कापणं म्हणजे काय हे पोस्टात बसून कळत नाही. कंबरेत वाकायचं, डाव्या मुठीत बुडखा धरायचा, उजव्या हातानं विळा ओढायचा. शेंगांची टोकं बोटांत घुसतात. मागे राहिलेली धसकटं पायाला फाडतात. सत्तरीचा माणूस तासाभरात सरळ होतो आणि मग पुन्हा वाकत नाही. शेषराव सरळच झाले नाहीत. त्यांची ओळ सोजराबाईंच्या ओळीच्या दोन हात पुढे असायची, मग ते थांबून त्यांच्या ओळीतली चार झाडं कापून द्यायचे, आणि पुन्हा दोघं बरोबर यायचे. महादेवराव असेच करायचे. मी धुऱ्यावरून कित्येक वर्षं पाहिलंय.

नऊ वाजता माझ्या सुनेनं चहा आणला. शेषराव म्हणाले, "नको." फक्त तांब्यातलं पाणी वरून तोंडात ओतलं. अकराला माझ्या पोरानं भाकरी सोडली. पित्तर जेवल्याशिवाय सोजराबाई आणि गोकुळ खाणार नव्हते, ते ठीकच. पण शेषरावही म्हणाले, "तू खा. मले नको." मला वाटलं, रागावलाय म्हातारा. किंवा त्या दिवशी नाही म्हटलं त्याची भरपाई करतोय. पायाची पोटरी धसकटानं फाटून रक्त आलं होतं. त्यांनी त्यावर चिमूटभर माती दाबली आणि पुढची ओळ धरली.

बारा वाजले. तोवर तो पट्टा निम्म्या आभाळावर आला होता.

"आई, पानाची वेळ झाली," गोकुळ म्हणाला.

सोजराबाईंनी शेषरावांकडे पाहिलं. ते वाकलेलेच.

"काका, पित्तराची वेळ टयून राह्यली," गोकुळचा आवाज चढला.

"सोयाबीनची बी टयून राह्यली बापू. आभाय पाहा."

सोजराबाई पुन्हा वाकल्या. गोकुळ माझ्याकडे आला आणि कानाशी म्हणाला, "काका, चला घरी. तुमाले बसवतो, कावळ्याले घास टाकतो, मोकये होऊ." खोटं कशाला बोलू, मी उठलोही. वड्यांचा वास मला चार शेतं ओलांडून येत होता. पण जाताना मागे वळून पाहिलं. दोन म्हातारी माणसं सकाळपासून उपाशीपोटी वाकलेली, आणि मी दोन वेळा चहा पिऊन तृप्त व्हायला निघालेलो. माझे पायच निघेनात. मी गोकुळला म्हटलं, "मले काम सांग." कापलेल्या सोयाबीनचा भारा उचलून गंजीपर्यंत नेला. चारच नेले, पण नेले. माझा पोरगाही आमचं काम टाकून आला. पाच जणांनी मिळून चारच्या सुमाराला शेवटचा भारा गंजीवर टाकला, ताडपत्री ओढली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. पहिला टपोरा थेंब ताडपत्रीवर वाजला तेव्हा शेषराव सरळ झाले. दोन्ही हात कमरेवर ठेवून, हळूहळू.

"चला वयनी," ते म्हणाले. "ताट वाढलं हाये ना?"

घरी निशिगंधा दारातच उभी होती. चूल विझू न देता तिनं सगळं चार तास गरम ठेवलं होतं. महादेवरावांच्या फोटोसमोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी. गोकुळ तांब्या घेऊन पाय धुवायला पुढे झाला. राग होताच, पण रीत होती.

शेषरावांनी तांब्या त्याच्या हातातून घेतला. "माहे पाय मी धुतो. तू बाप समजून धुशीन, अन मी तुहा बाप नाई." अंगणात जाऊन रक्त, माती सगळं धुऊन आले. पाट हातानं उचलून फोटोखाली भिंतीशी ठेवला. "हा त्याचा. माहं ताट खाली." आणि पाटाच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

मी गोकुळकडे पाहिलं. आता भडकणार असं वाटलं. पण सोजराबाईंनीच ताट उचलून शेषरावांसमोर ठेवलं, आणि बोलणं संपलं.

मी पित्तर म्हणून पुष्कळ जेवलोय, पण दुसऱ्याला असं जेवताना पाहिलं नव्हतं. शेषरावांनी ताटात बघूनच जेवायला सुरुवात केली. उडदाचे वडे कढीत बुडवून खाल्ले. गवारीची भाजी, डांगराची भाजी, दोन पोळ्या, मग तिसरी. घास मोठे, पण सावकाश. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता. शेवटी खिरीची वाटी उचलली आणि तोंडाला लावून संपवली.

सोजराबाई समोर येऊन बसल्या. हात जोडले.

"पोट भरलं का?"

शेषरावांनी वाटीत पाहिलं.

"नाई," ते म्हणाले.

निशिगंधानं पदर तोंडाशी नेला. सोजराबाई हलल्या नाहीत. जोडलेले हात तसेच.

"अजून एक वाटी लागन."

सोजराबाई उठल्या, स्वतः खीर वाढली. काठोकाठ. शेषराव ती चाटूनपुसून जेवले, तळाशी राहिलेली तांदळाची शितं बोटानं काढून खाल्ली. मग डावा हात पोटावर ठेवून थोडा वेळ बसले, जसं काही खरंच तपासून पाहत होते.

"वयनी, कालच्या रातपासून पान्याशिवाय काही घेतलं नाई मी. भरल्या पोटानं येऊन भरलं म्हनलो असतो, तर ते तुमाले काय कामाचं होतं? महादेवचं मले मालूम नाई, मी खोटं सांगनार नाई. पन त्याच्या वावरात दिवसभर राबलो, त्याच्या घरचं जेवलो." त्यांनी वाटी हातातच धरली होती. "पोट भरलं. गयापावतर भरलं."

सोजराबाईंनी हात पुढे केला. शेषरावांनी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आतून पाहिली, रिकामी होती. वाटी छातीशी धरून त्या तिथंच बसल्या आणि रडल्या. मोठ्यानं नाही, पण कुणापासून न लपवता. गोकुळ आईजवळ जाऊन बसला. मला वाटतं, आईनं वर्षभर न सांगितलेलं सगळं त्या दिवशी त्याला कळलं. शेषराव भिंतीकडे तोंड करून पाणी पीत राहिले, आणि त्यांचेही डोळे कोरडे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

मला हा माणूस चाळीस वर्षं खटकला. देव मानत नाही म्हणजे काहीच मानत नाही, असा माझा पक्का समज. पण एका बाईच्या प्रश्नाला खरं उत्तर देता यावं म्हणून उपाशीपोटी दिवसभर सोयाबीन कापणारा माणूस मी आमच्या भजनी मंडळात पाहिला नाही. आणि असल्या माणसाकडेच जायचं हे ओळखणारी बाई तर मी कुठंच पाहिली नाही.

मग सोजराबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना वाढलं. मलाही वाढलं. पोट भरलं का, असं मला कुणी विचारलं नाही. शेवटी त्या स्वतःचं ताट घेऊन चुलीपाशी बसल्या. निशिगंधा पोळी वाढायला गेली तर म्हणाल्या, "आधी खीर दे." वर्षभर त्यांनी गोडाला हात लावला नव्हता, हे मला निशिगंधानं नंतर सांगितलं.

दशमीला मला तीन घरचं सांगणं होतं. दोन घरी येत नाही म्हणून निरोप पाठवला, एकाच घरी हो म्हटलं. सकाळी सुनेनं चहा पुढे केला, तो नको म्हटलं, आणि विळा घेऊन पोरामागं वावरात गेलो.